पाडव्याला बी, दिवाळीला भूत जोलोकिया: कोल्हापुरातल्या गच्चीवर जहाल मिरची बियांपासून वाढवताना

कोल्हापुरात तिखटाचं कौतुक कुणाला नव्यानं सांगायला नको. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम सुरू झाला की गच्च्यांवर संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी वाळत पडते आणि कांडपाच्या गिरणीसमोरून नाकाला पदर लावून जावं लागतं. त्यामुळे भूत जोलोकिया किंवा कॅरोलिना रीपरसारखी जगात गाजलेली मिरची आपल्या कुंडीत लावून बघावी, असं इथं बऱ्याच जणांना वाटतं. लावतातही. पण बहुतेकांचं बी उगवतच नाही, किंवा उगवलेलं रोप मे महिन्यात करपतं.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. डिसेंबरात बी पेरलं, चाळीस दिवस वाट पाहिली आणि काही दिसेना म्हणून ट्रेमधली माती गुलाबाच्या कुंडीत ओतली. मार्चच्या शेवटी त्या गुलाबाच्या बुडाशी तीन मिरच्या उगवल्या. बी चांगलंच होतं, फक्त त्याला ऊब हवी होती. त्यातलं एक रोप मी जपलं, खुल्या गच्चीवर भर उन्हात ठेवलं आणि ते माना टाकायला लागलं. माझे सासरे गडहिंग्लजकडचे, आयुष्यभर मिरची लावलेले. ते कुंडीजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, हे झाड कुठलं?" म्हटलं, "आसामकडचं, मामा." "तिकडं पाऊस किती पडतोय! आन् तू हितं उन्हात भाजतीस व्हय त्येला?"

पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर उभं आहे.

आपली मिरची वेगळी, ही वेगळी

ब्याडगी, ज्वाला, अगदी ढबूसुद्धा, या सगळ्या कॅप्सिकम ॲन्युअम या प्रजातीतल्या. भूत जोलोकिया, रीपर, हबानेरो, ट्रिनिडाड स्कॉर्पियन या कॅप्सिकम चायनेन्स या दुसऱ्या प्रजातीत येतात. नावात चायना असलं तरी तिचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या दमट पट्ट्यात आहे. भूत जोलोकिया आपल्या ईशान्येची. नागालँडमध्ये तिला राजा मिर्चा म्हणतात, मणिपुरात उमोरोक. तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं २००० साली तिच्या तिखटपणाकडे जगाचं लक्ष वेधलं आणि २००७ साली गिनेसनं ती जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवली. तिखटपणा स्कोव्हिल या एककात मोजतात आणि तिचा आकडा होता १० लाखांच्या वर. नंतर दुसऱ्या काही मिरच्यांनी तिला मागे टाकलं आणि २०१३ मध्ये हा मान कॅरोलिना रीपरकडे गेला, रीपरची सरासरी १६ लाख ४१ हजारांच्या आसपास. २०२३ पासून हा मान पेपर एक्सकडे आहे, २६ लाख ९३ हजार. रीपर आणि पेपर एक्स या दोन्ही अमेरिकेतल्या एड करी यांनी तयार केलेल्या.

या आकड्यांपेक्षा बागेत उपयोगी पडणारी गोष्ट दुसरी आहे. या प्रजातीला ऊब आणि दमट हवा आवडते, पण कडक ऊन आणि साचलेलं पाणी सोसत नाही. शिवाय ती संथ वाढते. ज्वाला मिरची लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत हाताशी येते, हिला बी पेरल्यापासून पिकलेलं फळ मिळेपर्यंत सहा-सात महिने लागतात. म्हणून इथलं वेळापत्रक मी असं धरते: गुढीपाडव्याच्या आसपास बी, वळवाचे पाऊस होऊन हवा उतरली की जूनच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत लागण, गणपतीत फुलं, दसरा-दिवाळीला लाल फळं. एप्रिलची गरमी बी उगवायला फुकट मिळते, पावसाळ्यात झाड अंग धरतं आणि ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात फळ पिकतं.

बी कुठून घ्यायचं

सर्वांत खात्रीचं बी म्हणजे पिकलेल्या फळातून स्वतः काढलेलं. ईशान्येकडे नोकरीला किंवा सैन्यात असलेलं कुणी ओळखीचं असेल तर चार वाळलेली फळं मागवा. ती भट्टीत किंवा धुरावर वाळवलेली नसावीत, तसलं बी मेलेलं असतं. ऑनलाइन घेताना फार सांभाळा. मी एकदा महागडं पाकीट मागवलं आणि पाच महिने जोपासल्यावर झाडाला ढबू लागली. निळ्या, जांभळ्या मिरच्यांची चकचकीत चित्रं असलेली पाकिटं घेऊच नका. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: बी कोणत्या वर्षाचं आहे आणि फुलं पिशवीत झाकून, म्हणजे दुसऱ्या जातीचा पराग लागू न देता, धरलेलं आहे का. ज्याला दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कळतो, त्याच्याकडून घ्या.

ताजं बी फिकट पिवळसर, चपटं आणि टणक असतं. तपकिरी, काळपट किंवा सुरकुतलेलं बाजूला काढा. चार झाडं हवी असतील तर बारा बिया पेरा.

उगवण: इथंच खरी परीक्षा

जमीन किंवा ट्रेमधली माती २७ ते ३२ अंश राहिली तर हे बी साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवतं. २० अंशांच्या खाली ते नुसतं पडून राहतं आणि शेवटी कुजतं. माझं डिसेंबरातलं बी असंच पडून राहिलं होतं, नशिबानं कुजलं मात्र नाही. भिंतीवर लावायचा साधा तापमापक घ्या आणि जिथं डबा ठेवणार तिथं दुपारी आणि पहाटे असं दोनदा बघा. अंदाजावर जाऊ नका. पत्र्याच्या खालचा माळा मला आदर्श वाटला होता, पण एप्रिलच्या दुपारी तिथं पारा ४० च्या वर गेलेला दिसला. तेवढ्या गरमीत बी शिजून जाईल. शेवटी फ्रिजच्या वरची जागा सगळ्यांत बरी निघाली.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी टिश्यू पेपर ओला करून पिळा, इतका की दाबल्यावर थेंब पडू नये. त्यात बिया एकमेकींना न चिकटतील अशा मांडून घडी करा आणि झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. डब्यावर तारीख आणि जात लिहा. रोज एकदा झाकण उघडून हवा द्या. कागद कोरडा वाटला तर दोन थेंब पाणी, त्याहून जास्त नको. पाणी जास्त झालं की बियांवर पांढरी बुरशी धरते.

आठवड्याभरानंतर रोज बघत जा. बियाच्या टोकाशी पांढरं सुईसारखं मूळ दिसेल. ते तीन-चार मिलिमीटर झालं की लगेच मातीत हलवायचं. उशीर झाला तर मूळ कागदात शिरतं आणि काढताना तुटतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं घेऊन चहाच्या कागदी कपांत भरा, बुडाला तीन भोकं पाडा. टूथपिकनं अर्धा सेंटिमीटर खोल खळगा करून बी मुळाकडची बाजू खाली ठेवून हलकंसं झाका. माती दाबू नका. पाणी फवाऱ्यानं द्या.

चार-सहा दिवसांत मातीतून फिकट हिरवी कमान वर येते, मग ती सरळ होते. कधी कधी बियाचं टरफल टोपीसारखं दोन्ही पानांना गच्च धरून बसतं. हात शिवशिवतात, पण ओढू नका. एकदा मी नखानं ओढलं आणि टरफलाबरोबर दोन्ही पानं निघून आली, हातात नुसता देठ राहिला. त्याऐवजी संध्याकाळी टोपीवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि कपावर पिशवी झाकून रात्रभर सोडा. सकाळपर्यंत टरफल मऊ पडतं, बहुतेक वेळा आपोआप गळतं.

पाच आठवडे झाले तरी काही दिसलं नाही, तरी ती माती फेकू नका. एका कोपऱ्यात ओलसर ठेवा.

पहिले दोन महिने

कमान वर आल्या दिवसापासून उजेड हवा. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि पुढं कधीच सावरत नाही. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन द्या, नंतर ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारचं थेट ऊन या रोपांवर एक दिवसही पडू देऊ नका.

या वयात सर्वांत मोठा धोका रोपमरीचा. संध्याकाळी ताठ दिसलेलं रोप सकाळी मातीलगत पिचून आडवं पडलेलं असतं. ही बुरशी ओल्या, कोंदट मातीत वाढते. म्हणून पाणी सकाळीच, वरचा थर सुकल्यावर. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून पंधरा दिवसांतून एकदा मातीत दिलं तर बराच फरक पडतो. आडवं झालेलं रोप वाचत नाही, त्याचा कप लगेच बाजूला काढा.

पहिल्या दोन बीजपानांनंतर चार खरी पानं आली की सहा इंची पिशवीत हलवा. थेट मोठ्या कुंडीत लावायचा मोह टाळा. लहान मुळांभोवती भरपूर ओली माती राहिली तर मुळं गुदमरतात.

रोपं हाताळण्याआधी साबणानं हात धुवा, आणि घरात तंबाखू मळणारं कुणी असेल तर त्याला रोपाला हात लावू देऊ नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवाटे मिरचीवर जातो. आपल्या भागात हे विशेष सांगावं लागतं.

कुंडी आणि माती

एका झाडाला किमान २० लिटरची जागा द्या. रंगाचे रिकामे डबे चांगले चालतात. स्वच्छ धुवून बुडाला आठ-दहा आणि बाजूला खालच्या अंगाला चार भोकं पाडा. डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोकं स्लॅबला टेकून बंद होत नाहीत.

नदीकाठची काळी माती उसाला सोनं आहे, पण कुंडीत ती पावसाळ्यात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मी दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं कुजलेलं चाळलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट आणि अर्धं घमेलं जाड वाळू असं घेते, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. हातात घेतल्यावर वास मातीचा यायला हवा, शेणाचा नको. वर दोन इंच उसाचं पाचट पसरा. आपल्याकडं ते मागाल तिथं मिळतं, आणि ऊन व पावसाचा मार दोन्ही झेलतं.

जमिनीत लावणार असाल तर गादीवाफा करा आणि दोन झाडांत अडीच फूट ठेवा.

जून ते ऑगस्ट

पहिले आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त ऊन देत रोप बाहेरच्या हवेला सरावू द्या. मग जुलै येतो आणि संततधार लागते. हवा या झाडाला मानवते, पण मुळाशी पाणी साचणं मानवत नाही. गच्चीवर बांबूच्या चौकटीवर पारदर्शक प्लॅस्टिक उतरतं बांधा, बाजू मोकळ्या ठेवा. कडेला भिंतीलगत कुंडी ठेवली तर छपराची धार तिच्यात पडत नाही ना, ते एकदा पाऊस चालू असताना उभं राहून बघा.

भर पावसात पानं कोमेजली तर पाणी कमी पडलं असं समजून आणखी ओतू नका. ती मूळकुजीची पहिली खूण असते. कुंडी आडोशाला घ्या, पाचट काढा, माती वरवर मोकळी करून सुकू द्या.

झाड फूटभर झालं की काठीचा आधार द्या. शेंडा खुडायचा की नाही यावर मतं वेगळी आहेत. ही प्रजाती स्वतःच छान फांद्या फोडते, म्हणून मी खुडत नाही. पहिली आठ-दहा फुलं मात्र काढून टाकते. तेवढी ताकद मुळांत आणि फांद्यांत जाते.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. युरिया नकोच. नत्र जास्त झालं की झाड आळूसारखं रुंद पानांचं, गडद हिरवं होतं आणि फूल धरत नाही. लागणीनंतर महिनाभरानं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाचे) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. कळ्या दिसू लागल्या की ०:५२:३४ त्याच मापानं, आणि फळं धरल्यावर १३:०:४५. रासायनिक नको असेल त्यांनी दहापट पाण्यात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं खत) आणि महिन्याला मूठभर गांडूळखत द्यावं, झाड थोडं संथ वाढतं पण फळ चांगलं येतं.

पानं मुरडली तर आधी नीट बघा

मिरचीवाल्याची झोप उडवणारा रोग म्हणजे चुरडा-मुरडा, आपल्याकडचा बोकड्या. पण मुरडलेलं प्रत्येक पान विषाणूचं नसतं. मामांनी मला पान वाचायला शिकवलं, तेच इथं देते.

कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. शेंड्याचं पान पांढऱ्या कागदावर झटका, दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक जीव पळताना दिसतील. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, अरुंद आणि ठिसूळ झालं असेल तर कोळी. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. पानं बारीक होऊन झुपक्यानं येत असतील, शिरा फिकट आणि झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाका, कितीही जीव लागला असला तरी. एक झाड ठेवून बाकीची चार गमावण्यात अर्थ नाही.

फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडं साबणाचं पाणी, आठवड्यातून एकदा सूर्य कलल्यावर फवारा. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे, किडी तिथंच असतात. कोळ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नाही, पानं भाजतात. निळे आणि पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगा. मावा दिसला तर नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही जातो.

फूल, फळ आणि धीर

या मिरचीचं फूल खाली मान घातलेलं, पांढऱ्यात हिरवट छटा असलेलं, आत जांभळट पुंकेसर. एका पेरावर दोन-तीन फुलं झुपक्यानं आली तर समजा, बी अस्सल चायनेन्सचं आहे. ज्वालासारख्या मिरचीला पेरावर बहुधा एकच पांढरंशुभ्र फूल येतं.

दुपारचं तापमान ३५ अंशांच्या पुढं किंवा रात्रीचं १३-१४ च्या खाली गेलं की फुलं गळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात यातलं काहीच नसतं, म्हणूनच सगळं वेळापत्रक या महिन्यांभोवती बांधलं आहे. तरी गळ होत असेल तर पाणी कधी जास्त कधी कमी होतंय का ते बघा. सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारली तर पराग झडतो आणि फळधारणा वाढते.

फळ हिरवं पूर्ण वाढलं तरी लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे घेतं. तोडायची घाई करू नका, खरा वास आणि तिखट पिकल्यावरच उतरतं. भूत जोलोकियाची साल खरबरीत, टोक निमुळतं. रीपर गोळीदार, सुरकुतलेली, बुडाला विंचवाच्या नांगीसारखी शेपटी. फळ ओढू नका, फांद्या ठिसूळ असतात. कात्रीनं देठासकट कापा.

हाताळताना

हातमोजे घातल्याशिवाय ही मिरची चिरायची नाही. नुसत्या हातानं चिरलीच, तर आधी गोडंतेल चोळा, मग साबण लावा. तिखट देणारं कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तोंड पोळल्यावरही म्हणूनच पाणी नाही, दही किंवा दूध घ्या. कॅप्साइसिन मुख्यतः फळाच्या आतल्या पांढऱ्या पडद्यात तयार होतं, बियांत नाही. पडदा काढला की तिखट थोडं उतरतं, पण या जहाल मिरच्यांत ते सालीच्या आतल्या बाजूलाही असतं.

ही झाडं लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशी ठेवा. पैजेवर अख्खं फळ खायचा प्रकार कुणालाही करू देऊ नका. अमेरिकेत एका स्पर्धेत रीपर खाल्लेल्या ३४ वर्षांच्या माणसाला डोक्यात असह्य कळा येऊन रुग्णालयात न्यावं लागल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली.

वाळवायला फळं उभी चिरून जाळीवर, दिवाळीनंतरच्या उन्हात सात-आठ दिवस. तव्यावर भाजू नका, सगळं घर खोकत बाहेर येईल. मिक्सरमधून काढल्यावर झाकण दहा मिनिटं तसंच ठेवा, भुकटी खाली बसू द्या.

स्वयंपाकात अर्धं फळ पुरतं. मिसळीचा कट करताना तेलात पाव फळ टाकून काढून घ्या, तेलच तिखट वाहून नेतं. तांबड्या रश्श्यात अख्खं, न फोडता सोडायचं आणि वाढण्याआधी काढायचं. मग तिखटाबरोबर या मिरचीचा फळासारखा गोडसर वासही रश्श्यात येतो, जो लवंगीत नाही. खर्ड्यात मात्र मी ती घालत नाही. खर्ड्याला आपलीच मिरची.

बी राखायचं असेल तर

गच्चीवर शेजारी लवंगी असेल तर मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात. यंदाच्या फळावर परिणाम होत नाही, पण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. म्हणून कळ्या असतानाच एका फांदीला पातळ जाळीची, लग्नात अक्षता बांधून देतात तसली, पिशवी घाला. फळ धरलं की पिशवी काढून त्या देठाला लाल दोरा बांधा. ते फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, बी काढून आठ दिवस सावलीत वाळवा आणि काचेच्या लहान बाटलीत चिमूटभर कोरड्या राखेसोबत ठेवा. दोन-तीन वर्षं ते चांगलं उगवतं.

झाड उपटू नका. आपली थंडी त्याला मारत नाही, फक्त वाढ थांबते. फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक मुख्य फांदी वीतभर ठेवून छाटा, वरची दोन इंच माती बदला आणि उन्हाळाभर जाळीखाली ठेवा. दुसऱ्या वर्षीचं झाड गणपतीची वाट बघत नाही, माझं गेल्या वर्षी जूनच्या शेवटीच कळ्यांवर आलं होतं.